चालत्या वहीची नक्कल



आजच्या भाषणाचा विषय संगणकाचा आहे. तरीहि त्याचा आरंभ मी आमच्या छत्रपती संभाजीनगर शहरापासून सुमारें शंभर किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या डोंगरांत करणार आहें. तसें कां, हें शेवटीं आपल्या ध्यानांत येईल.

१८४४ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें मद्रासच्या सैन्यांतील रॉबर्ट गिल नांवाच्या अधिकाऱ्यास अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमलें. जेम्स फर्ग्युसन या पंडितानें आदल्याच वर्षीं रॉयल एशियाटिक सोसायटीपुढें भारतांतील लेण्यांसंबंधीं निबंध मांडला होता. चित्रांचा दिवसेंदिवस नाश होत आहे, तो पुरा होण्यापूर्वीं त्यांच्या नकला झाल्या पाहिजेत, असा विद्वानांचा आग्रह होता. गिलनें अनेक वर्षें त्या रानांत राहून कॅनव्हासवर तैलरंगांत मोठमोठ्या नकला उतरविल्या. त्या समुद्रमार्गें लंडनला गेल्या, सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्यें लोकांस पाहावयास मांडल्या गेल्या, आणि १८६६ सालीं त्या इमारतीला लागलेल्या आगींत जवळजवळ सर्व जळून गेल्या. मोजकींच चित्रें काय तीं वांचलीं. एका माणसाच्या उमेदीचीं वर्षें एका आगींत राख झालीं.

ही करुण कथा मला आज आठवते ती तिच्यांतील दोन प्रश्नांमुळें. पहिला प्रश्न असा: जी वस्तु क्षणोक्षणीं बदलत आहे, तिची खरी नक्कल करावी कशी? गिल चित्राचा एक कोपरा रेखाटीत असतांना दुसऱ्या कोपऱ्यावरील रंगाचे पोपडे ओल, वटवाघळें आणि अविचारी प्रवासी यांच्यामुळें गळतच होते. दुसरा प्रश्न असा: नक्कल झाली, पण ती ठेवावी कोठें? संगणकशास्त्रज्ञांना आपल्या क्षेत्रांत हेच दोन प्रश्न सोडवावे लागले. त्यांपैकीं पहिला त्यांनीं फार सुंदर रीतीनें सोडविला, आणि त्या सौंदर्याला भुलून आपल्यापैकीं पुष्कळजण दुसरा विसरतात. मीहि विसरलों होतों. तें पुढें सांगेन.

प्रथम पहिला प्रश्न. एखाद्या पेढीची खतावणी घ्या. मुनीमजी तींत नोंदी करीत आहेत आणि त्याच वेळीं एक कारकून तिची नक्कल करीत आहे, अशी कल्पना करा. कारकुनानें सकाळीं दहा वाजतां रामरावांचें खातें उतरून घेतलें. त्यांत एक हजार रुपये होते. अकरा वाजतां मुनीमजींनीं ते हजार रुपये रामरावांच्या खात्यांतून गोविंदरावांच्या खात्यांत वळते केले. बारा वाजतां कारकून गोविंदरावांच्या पानावर आला आणि तेथेंहि त्यानें हजार रुपये लिहून घेतले. कारकुनानें एक अक्षरहि चुकीचें उतरविलें नाहीं. तरी त्याच्या नकलेंत हजाराचे दोन हजार झाले! मूळ वही कोणत्याहि क्षणीं खोटी नव्हती. खोटी झाली ती नक्कल, कारण तिचें पहिलें पान दहा वाजतांचें आणि शेवटचें बारा वाजतांचें.

संगणकाच्या डिस्कवरील फाईलींची नक्कल करतांना हुबेहूब हीच अडचण येते. काम चालू असतें, शेंकडो माणसें एकाच वेळीं लिहीत असतात, आणि मोठ्या डिस्कची नक्कल व्हावयास तासन् तास लागतात. यावर जुना उपाय एकच होता: कचेरी बंद करणें. रात्रीं सर्वांनीं काम थांबवावें, यंत्रचालकानें चुंबकीय फितीवर नक्कल उतरावी आणि सकाळीं पुन्हां दार उघडावें. पण ज्या रुग्णालयाला, रेल्वेच्या तिकिटघराला किंवा बँकेला रात्रच नाहीं, त्यानें काय करावें? धावत्या आगगाडीचें छायाचित्र घेण्यासाठीं प्रत्येक वेळीं गाडी थांबविणें परवडत नाहीं.

या अडचणींतून जी युक्ति निघाली, तिला स्नॅपशॉट म्हणतात. आपण तिला क्षणचित्र म्हणूं. तिचें मर्म इतकें साधें आहे कीं, जुन्या वळणाच्या कोणत्याहि हिशेबनिसाला तें तत्काळ पटेल: लिहिलेलें खोडावयाचें नाहीं.

संगणक डिस्कचे लहान लहान सारखे भाग पाडतो. त्यांस ब्लॉक म्हणतात. एक ब्लॉक म्हणजे सुमारें चार हजार अक्षरांचें एक पान समजा. कोणती फाईल कोणकोणत्या पानांवर आहे, याची अनुक्रमणिका असते. त्या अनुक्रमणिकेची आणखी एक अनुक्रमणिका असते. आणि सर्वांच्या मुळाशीं एकच पान असतें. तें मूळपान हातीं आलें म्हणजे सबंध डिस्क हातीं आली. साध्या पद्धतींत मजकूर बदलला कीं जुन्या पानावरच नवा मजकूर लिहिला जातो व जुना नष्ट होतो. नव्या पद्धतींत बदललेला मजकूर कोऱ्या पानावर लिहितात, जुनें पान जसेंच्या तसें राहूं देतात, अनुक्रमणिकेचीं तेवढींच पानें पुन्हां नव्यानें लिहितात आणि अखेरीस नवें मूळपान तयार करतात. आतां क्षणचित्र घेणें म्हणजे काय? तर या क्षणाचें मूळपान जपून ठेवणें आणि त्यावरून पोहोंचतां येणाऱ्या एकाहि पानाला हात न लावण्याचा निर्बंध घालणें. लाखों पानांची नक्कल करावयाची नाहीं. फक्त एक पान सांभाळावयाचें. म्हणूनच डिस्क कितीहि मोठी असली, तरी क्षणचित्र निमिषांत घेतां येतें, आणि त्याचें पहिलें व शेवटचें पान एकाच क्षणाचें असतें. काम करणाऱ्यांना कांहीं घडल्याचें कळतहि नाहीं.

या कल्पनेचा इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत १९८० नंतरच्या दशकांत अँड्र्यू नांवाची फाईलव्यवस्था उभी राहिली. तींत एखाद्या विद्यार्थ्याच्या सर्व फाईलींच्या गठ्ठ्याची वाचण्यापुरती प्रतिकृति थोड्या वेळांत करण्याची सोय होती. रात्रीं ही प्रतिकृति घेऊन ठेवीत. विद्यार्थ्यानें चुकून निबंध पुसला, तर कालचा निबंध त्याला स्वतःच काढून घेतां येई. बेल लॅबोरेटरीजमध्यें प्लॅन ९ ही व्यवस्था रचणाऱ्यांनीं आणखी मोठी झेप घेतली. त्यांचा फाईलींचा संगणक रोज पहांटे पांच वाजतां सबंध व्यवस्थेचें क्षणचित्र घेई आणि एकदांच लिहितां येणाऱ्या, पुसतां न येणाऱ्या प्रकाशीय तबकड्यांवर तें कायमचें ठेवी. तारखेच्या नांवाच्या कप्प्यांत शिरावें आणि त्या दिवशींचें जग जसेंच्या तसें पाहावें, अशी ती सोय होती. शॉन क्विनलन यांनीं या रचनेवरील आपला निबंध १९९१ सालीं प्रसिद्ध केला.

व्यापारी जगांत ही कल्पना रुजविली ती डेव्ह हिट्झ, जेम्स लाऊ आणि मायकेल माल्कम यांनीं. १९९२ सालीं त्यांनीं नेटवर्क अप्लायन्स ही कंपनी काढली आणि १९९४ सालीं एका निबंधांत आपल्या फाईलव्यवस्थेची रचना जगापुढें मांडली. त्यांचें यंत्र एका वेळीं वीस क्षणचित्रें बाळगी. हा वीसचा आंकडा आला कोठून? प्रत्येक पानापुढें त्यांनीं खुणांची एक ओळ ठेवली होती: एक खूण चालू वहीसाठीं आणि वीस खुणा वीस क्षणचित्रांसाठीं. ज्या पानापुढें एकहि खूण उरली नाहीं तें पान मोकळें, असा हिशेब. शाळेच्या हजेरीपटासारखीच ही युक्ति! पण हजेरीपटांत रकाने संपले म्हणजे काम अडतें. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनींत जेफ बॉनविक व मॅथ्यू आरेन्स यांनीं २००१ सालीं हातीं घेतलेल्या आणि २००५ सालीं सर्वांस खुल्या केलेल्या झेडएफएस व्यवस्थेंत रकाने टाकून दिले गेले व प्रत्येक पानाचा जन्मकाळ त्याच्या पत्त्याशींच लिहून ठेवण्यांत आला. पानाचा जन्म क्षणचित्राच्या आधींचा कीं नंतरचा, एवढें पाहिलें कीं निवाडा होतो; क्षणचित्रें वीस असोत वा दोन हजार. पुढें ओहाद रोडे यांनीं २००७ सालीं मांडलेल्या रचनेच्या आधारें ख्रिस मेसन यांनीं बीटीआरएफएस ही व्यवस्था आरंभिली, आणि २००९ च्या मार्च महिन्यांत ती सर्वांस मुक्त असलेल्या लिनक्समध्यें दाखल झाली. अशा रीतीनें जी सोय एके काळीं मोठ्या कंपन्यांच्या महाग यंत्रांत होती, ती आपल्या घरच्या संगणकांत विनामूल्य आली.

दुसराहि एक मार्ग आहे. मूळ पानावरच नवें लिहावयाचें, परंतु लिहिण्याच्या अगोदर जुना मजकूर एका वेगळ्या वहींत उतरून ठेवावयाचा. लिनक्समधील एलव्हीएम नांवाच्या साधनाची जुनी पद्धत अशीच आहे. यांत प्रत्येक पहिल्या बदलाला दुप्पट श्रम पडतात, त्यामुळें काम मंदावतें. आणि वेगळी वही भरून गेली म्हणजे सबंध क्षणचित्रच निरुपयोगी होतें. अजिंठ्यास नक्कल करणाऱ्यांनीं रंग स्पष्ट दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वॉर्निश फासलें आणि तें पुढें पिवळें पडून तडकलें. नकलेपायीं मुळाला किती त्रास द्यावा, याचा विचार यंत्रांतहि करावा लागतो तो असा.

आतां चालत्या यंत्रासंबंधीं एक सूक्ष्म गोष्ट सांगितली पाहिजे. आमचे मुनीमजी प्रत्येक व्यवहार लगेच वहींत लिहीत नाहींत; दोनचार व्यवहार त्यांच्या डोक्यांत असतात. संगणकाचेंहि तसेंच आहे. लिहावयाचा कांहीं मजकूर त्याच्या स्मृतींत असतो, तो अजून डिस्कवर उतरलेला नसतो. अशा वेळीं घेतलेलें क्षणचित्र म्हणजे एकाएकीं वीज गेल्यावर डिस्क ज्या स्थितींत सांपडेल ती स्थिति. चांगल्या माहितीकोशांची व्यवस्था अशा आघातांतून सांवरण्याची तयारी ठेवून असते: आधीं रोजनिशींत नोंद, मग खतावणींत, आणि वीज परत आली म्हणजे रोजनिशी वाचून खतावणी पुरी करावयाची. परंतु ज्यांना निश्चिंति हवी ते एक पाऊल पुढें जातात. ते मुनीमजींना म्हणतात, “डोक्यांत आहे तें कागदावर उतरा आणि क्षणभर लेखणी खालीं ठेवा.” तेवढ्यांत क्षणचित्र घ्यावयाचें आणि म्हणावयाचें, “चालूं द्या.” विंडोजच्या २००३ सालच्या सर्व्हर आवृत्तींत अशी सोय होती, तींत चालू असलेल्या कार्यक्रमांना आधीं सूचना देऊन क्षणभर थोपवून धरतात. हा विसावा फार थोडा असतो. पूर्वीं कचेरी रात्रभर बंद असे, तेथें आतां लेखणी पळभर थबकते. एवढी या विद्येची प्रगति.

क्षणचित्र घेणें सोपें झालें म्हणजे पुष्कळ घेतलीं जातात, आणि मग त्यांची व्यवस्था ठेवणें हें निराळें शास्त्र होऊन बसतें. प्रथम क्षणचित्राला जागा लागत नाहीं, असें वाटतें, आणि तें पहिल्या क्षणीं खरेंहि असतें. परंतु जसजशी मूळ वही बदलत जाते, तसतशीं जुनीं पानें क्षणचित्रासाठीं अडकून पडतात. पुष्कळांचा एक अनुभव आहे: डिस्क भरली म्हणून एक अवजड चलच्चित्र पुसून टाकावें आणि पाहावें, तों जागा तसूभरहि मोकळी झालेली नाहीं! कारण त्या चित्राचीं पानें मागच्या आठवड्याच्या क्षणचित्रानें धरून ठेवलेलीं असतात. यासाठीं अनुभवी लोक एक पद्धत पाळतात. आजचीं क्षणचित्रें ताशीं एक, या आठवड्याचीं रोज एक, या महिन्याचीं आठवड्यास एक, आणि त्यामागचीं महिन्यास एक. जसजसा काळ मागें जातो तसतशीं तीं विरळ करीत जावयाचीं. आपली स्मृतिहि अशीच चालते. आज सकाळचा प्रत्येक तास आपणांस आठवतो, मागच्या वर्षींचे ठळक दिवस तेवढे आठवतात. प्रत्येक क्षणचित्राच्या नांवांत तारीख व वेळ असावी, आणि जें मोठी दुरुस्ती करण्यापूर्वीं घेतलें असेल, त्याच्या नांवांत कारणहि लिहावें. नाहीं तर सहा महिन्यांनीं कोणतें ठेवावें आणि कोणतें टाकावें, हें घेणारालाच समजत नाहीं. अधूनमधून एखादें उघडून त्यांतील फाईल परत आणूनहि पाहावी. जो दोर कधीं ओढून पाहिला नाहीं, त्याच्या भरंवशावर कोणी विहिरींत उतरत नाहीं.

आतां माझी स्वतःची गोष्ट. मी जन्मभर प्राथमिक शाळेंत मास्तरकी केली. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतच. सेवानिवृत्तीनंतर आम्हीं तिघां-चौघां पेन्शनरांनीं एक काम अंगावर घेतलें. आमच्या शहरांत मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं भुयारी नहर आणून पाणी खेळविलें. त्या नहरीचे मनोरे, विहिरी, हौद आणि शहराभोंवतालच्या जुन्या बारवा यांपैकीं काय उरलें आहे, हें पायीं हिंडून पाहावयाचें, वृद्धांस विचारावयाचें, मापें घ्यावयाचीं आणि सर्व टिपून ठेवावयाचें. दोन वर्षांत चारशेंवर टिपणें आणि त्याहून अधिक छायाचित्रें माझ्या संगणकांत जमलीं. माझ्या भाच्यानें त्यांत क्षणचित्रांची व्यवस्था लावून दिली. एके दिवशीं मीं एका टिपणावर भलताच मजकूर चढविला आणि घाबरून त्याला फोन केला. तो म्हणाला, “मामा, काळजी करूं नका, सकाळीं नऊचें काढूं.” दोन मिनिटांत टिपण जसेंच्या तसें परत आलें. त्या दिवसापासून मी निर्धास्त झालों. इतका कीं, वेगळी प्रत ठेवण्याची गरजच मला वाटेना. चाळीस क्षणचित्रें असल्यावर आणखी नक्कल कशाला?

त्याच वर्षीं पावसाळ्यांत एका संध्याकाळीं विजेचा दाब एकदम वाढला आणि डिस्क गेली. ज्या दुकानांतून ती घेतली होती त्यानें हात वर केले. चाळीसहि क्षणचित्रें त्याच डिस्कवर होतीं. मूळ वही आणि तिच्या नकला एकाच कपाटांत, आणि कपाटच जळालें. क्षणचित्र म्हणजे जुनीं पानें जपून ठेवणें. पण तीं पानें त्याच वहीचीं असतात, ही साधी गोष्ट माझ्या लक्षांत आली नव्हती. आमच्यापैकीं एका गृहस्थांनीं तीन महिन्यांपूर्वीं वाचावयास म्हणून सर्व टिपणें आपल्या घरीं पेनड्राइव्हवर नेलीं होतीं, तेवढीं राहिलीं. त्यानंतरच्या टिपणांतील दोन बारवा आम्हीं पाहिल्या तेव्हां उभ्या होत्या; पुन्हां मापें घेण्यास गेलों, तों त्या बुजविलेल्या होत्या. त्यांची नोंद आतां कोठेंहि नाहीं.

म्हणून मी अजिंठ्याकडे परत वळतों. गिलच्या नकला जळाल्यानंतर मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ सालीं पुन्हां तेंच काम हातीं घेतलें आणि पेस्तनजी बोमनजी यांच्यासारख्या विद्यार्थ्यांना घेऊन तें १८८५ पर्यंत चालविलें. या नकलाहि लंडनलाच, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयांत गेल्या, आणि १८८५ मध्येंच तेथें लागलेल्या आगींत त्यांतील अनेक नष्ट झाल्या! त्याच शहरांत, वीस वर्षांच्या आंत, तीच चूक दुसऱ्यांदा. परंतु ग्रिफिथ्स यांनीं १८९६-९७ मध्यें त्या चित्रांचे दोन खंड छापून प्रसिद्ध केले. १९०९ ते १९११ या काळांत लेडी हेरिंगहॅम यांनीं नंदलाल बोस, असितकुमार हलदार प्रभृति तरुण चित्रकारांसह नव्यानें नकला केल्या व त्या १९१५ मध्यें ग्रंथरूपानें आल्या. पुढें हैदराबाद संस्थानच्या पुराणवस्तु खात्याचे गुलाम यझदानी यांनीं १९३० ते १९५५ या काळांत छायाचित्रांसह चार भाग प्रसिद्ध केले. आज जगांतील शेंकडो ग्रंथालयांत अजिंठा आहे. एखाद्या इमारतीस आग लागून तो आतां नाहींसा होणार नाहीं. नक्कल छापून घरोघरीं वांटली गेली, तेव्हां ती सुरक्षित झाली.

संगणकाचेंहि तेंच आहे, आणि येथें क्षणचित्र खरें उपयोगी पडतें. तें स्थिर असल्यामुळें त्यावरून दुसऱ्या यंत्रावर सावकाश नक्कल करतां येते; मूळ वही इकडे खुशाल बदलत राहो. शिवाय काल आणि आज अशीं दोन क्षणचित्रें हातीं असलीं, तर त्यांतील फरकाचीं तेवढींच पानें दुसऱ्या गांवच्या यंत्राकडे धाडतां येतात. झेडएफएस व बीटीआरएफएस या दोन्ही व्यवस्थांत ही सोय आहे. क्षणचित्र चुकीपासून तारतें, पण आगीपासून नाहीं. आगीपासून तारतें तें दुसरें घर. दोन्ही हवींत, आणि एकानें दुसऱ्याचें काम होत नाहीं.

माझीं टिपणें आतां माझ्या घरीं आहेत, भाच्याकडे पुण्यास आहेत, आणि वर्षांतून एकदां कागदावर छापून आम्हीं एका ग्रंथालयांत ठेवतों. आपल्याहि घरांत वडिलांचीं पत्रें, मुलांचीं छायाचित्रें, एखाद्या संस्थेचे हिशेब एकाच यंत्रांत निजलेले असतील. आज हें भाषण संपल्यावर स्वतःस एवढेंच विचारा: हें घर नसेल, तर हें सर्व आणखी कोठें आहे? उत्तर सुचलें नाहीं, तर उद्यां सकाळची वाट पाहूं नका. त्या दोन बारवांची आम्हीं पाहिली होती.